वकील व्हायला निघालेला पाळकाचा मुलगा



आजच्या विषयातला माणूस तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. मार्टिन ल्यूथर किंग. पण वॉशिंग्टनच्या त्या अफाट सभेतला, नोबेल पारितोषिक मिळालेला, गोळी लागून पडलेला किंग आज आम्ही थोडा बाजूला ठेवणार आहोत. आज बोलायचं आहे ते एका पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल. कॉलेजात पाऊल टाकताना त्याला चर्चमधला आरडाओरडा नकोसा झालेला होता, बायबलमधल्या कितीतरी गोष्टी पटत नव्हत्या आणि बापासारखं पाळक तर अजिबात व्हायचं नव्हतं. चार वर्षांनी तोच मुलगा पाळकपदाची दीक्षा घेऊन बाहेर पडला. मधल्या काळात काय झालं?

सोपं उत्तर असं की घरची परंपरा होती, शेवटी तिथेच यायचं होतं. आम्हाला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. परंपरेत परत येणारे पुष्कळ असतात, पण परत येताना परंपरेलाच वेगळ्या वाटेला लावणारे फार थोडे. म्हणून हा चार वर्षांचा हिशोब नीट मांडून बघू.

मार्टिनचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहरातला. वडील एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे पाळक, आईचे वडीलही त्याच चर्चचे पाळक. म्हणजे चर्च हे घराचंच एक दालन म्हणा ना. पुढे एकविसाव्या वर्षी, ईश्वरविज्ञानाच्या शाळेत शिकत असताना, एका वर्गासाठी त्याने आपल्या धार्मिक वाढीची हकिगत लिहून दिली होती. ती आजही उपलब्ध आहे आणि अतिशय प्रामाणिक आहे. त्यात तो सांगतो, की पाच वर्षांचा असताना आपण चर्चचे सभासद झालो ते काही साक्षात्कार वगैरे झाला म्हणून नव्हे. बहीण आधी उठून पुढे गेली, आणि ती आपल्यापुढे जाते म्हणजे काय, या ईर्षेने हेही पाठोपाठ गेले! श्रद्धेची सुरुवात अशी भावंडांच्या चढाओढीतून झाली हे त्याने लपवलं नाही.

त्याच हकिगतीत दोन प्रश्न आहेत. आजचं आमचं सगळं बोलणं या दोन प्रश्नांभोवती फिरणार आहे, तेव्हा ते लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न बुद्धीचा. तेराव्या वर्षी या मुलाने संडे स्कूलमध्ये उठून सांगितलं, की येशूचं सदेह पुनरुत्थान मला मान्य नाही. पाळकाच्या मुलाने! बायबलमधलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं खरं मानायचं, अशी शिकवण असलेल्या चर्चमध्ये! तिथून शंकांची जी रांग लागली ती थांबेना.

दुसरा प्रश्न काळजाचा. लहानपणी त्याचा एक गोरा खेळगडी होता, समोरच्या दुकानदाराचा मुलगा. दोघं शाळेत जायच्या वयाचे झाले. शाळा अर्थातच वेगवेगळ्या, कारण कायदाच तसा होता. आणि एक दिवस त्या मित्राने सांगितलं, की बाबा म्हणतात आता तुझ्याशी खेळायचं नाही. घरी जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट निघाली, तेव्हा आईवडिलांनी पहिल्यांदाच त्याला गुलामगिरीचा आणि वर्णभेदाचा सगळा इतिहास सांगितला. ऐकून या मुलाने मनाशी ठरवलं, की यापुढे प्रत्येक गोऱ्या माणसाचा द्वेष करायचा. आईवडील म्हणाले, तसं करायचं नाही. प्रीती करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. मुलाचा प्रश्न असा, की जी माणसं माझा द्वेष करतात त्यांच्यावर मी प्रेम करायचं तरी कसं? हा प्रश्न त्याच्या मनात पुढे कित्येक वर्षं टिकून राहिला.

आता १९४४ सालात या. एप्रिल महिना. मार्टिन शाळेतर्फे डब्लिन नावाच्या गावी वक्तृत्व स्पर्धेला गेला. हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, जॉर्जिया राज्यातलंच. विषय होता कृष्णवर्णीय आणि राज्यघटना. भाषण चांगलं झालं. परतीच्या बसमध्ये गोरे प्रवासी चढले आणि ड्रायव्हरने मार्टिनला आणि त्याच्या शिक्षिकेला जागा सोडायला सांगितलं. मुलगा उठेना. बाई म्हणाल्या, ऊठ बाळा, कायदा आहे. उरलेला नव्वद मैलांचा प्रवास दोघांनी उभ्याने केला. राज्यघटनेवर भाषण करून येणाऱ्या मुलाला राज्यघटनेचा असा अनुभव आला. आयुष्यात इतका राग पुन्हा कधी आला नाही, असं तो पुढे सांगत असे.

त्याच उन्हाळ्यात, कॉलेज सुरू होण्याआधी, तो उत्तरेत कनेक्टिकट राज्यात तंबाखूच्या शेतावर कामाला गेला. मोरहाउस कॉलेजची बरीच मुलं फीचे पैसे जमवायला तिथे जात. तिथून त्याने घरी लिहिलेली पत्रं आहेत. त्यातला आनंद फार साधा आहे: इथे आम्ही कुठल्याही हॉटेलात जाऊन बसू शकतो, गोऱ्यांच्या चर्चमध्ये जाऊ शकतो. शनिवारी शहरात जायचं, हवं तिथे जेवायचं. बस्स. आणि परत येताना? वॉशिंग्टनपर्यंत कुठल्याही डब्यात बसता येत होतं, तिथून पुढे मात्र काळ्यांच्या डब्यात. जेवणाच्या डब्यात त्याच्यासमोर पडदा ओढला गेला. कापडाचाच पडदा, पण तो आपल्या माणूसपणावरच ओढला गेला असं त्या मुलाला वाटलं.

हा मुलगा १९४४ च्या सप्टेंबरमध्ये मोरहाउस कॉलेजात दाखल झाला. वय फक्त पंधरा. युद्धामुळे तरुण मुलं सैन्यात गेलेली, कॉलेजं ओस पडलेली, म्हणून मोरहाउसने शाळा पुरी न केलेल्या हुशार मुलांना प्रवेश परीक्षेवर घ्यायला सुरुवात केली होती. मार्टिनने शाळेतल्या दोन इयत्ता गाळल्या होत्या. पण कॉलेजात आल्यावर कळलं, की आपली वाचनाची पातळी अजून आठवीचीच आहे! काळ्यांसाठीच्या वेगळ्या शाळांनी त्याला तेवढंच दिलं होतं.

विषय घेतला समाजशास्त्र. डोक्यात वकिली. वैद्यकीचा विचारही येऊन गेला होता. पाळकपण नको होतं त्याचं कारण त्याने स्वतःच सांगितलं आहे. उपासनेत टाळ्या वाजवणं, पाय आपटणं, ओरडणं, या सगळ्याची त्याला लाज वाटे. हा धर्म बुद्धीला मान देणारा असू शकतो का आणि समाजाच्या काही उपयोगाचा असू शकतो का, याची त्याला खात्री नव्हती.

इथे दोन शिक्षक येतात. पहिले जॉर्ज केल्सी, धर्म हा विषय शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या बायबलच्या वर्गात मार्टिन बसला आणि त्याला एक नवीन रीत कळली. एखादी कथा घडली की नाही एवढ्याच प्रश्नापाशी थांबायचं नाही. त्या कथेच्या पोटात कोणतं सत्य आहे ते बघायचं. तेराव्या वर्षापासून मनात साठलेल्या शंकांना पहिल्यांदाच कोणी तरी दटावलं नाही. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. शंका घेणाऱ्या मुलाला आपण सहसा दोनच वाटा दाखवतो: गप्प बस, नाहीतर चालता हो. केल्सींनी तिसरी वाट दाखवली: बस, आणि नीट विचार कर.

दुसरे शिक्षक म्हणजे कॉलेजचे अध्यक्ष डॉ. बेंजामिन मेज. आणि इथे, मंडळी, आपला महाराष्ट्र या गोष्टीत येतो.

मेज यांचे आईवडील जन्माने गुलाम होते. स्वतः मेज दक्षिण कॅरोलिनातल्या कापसाच्या शेतात वाढले आणि शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवण्यापर्यंत पोचले. १९३६ च्या अखेरीस ते वायएमसीएच्या जागतिक परिषदेसाठी भारतात आले. परिषद म्हैसूरला होती, पण त्याआधी ते आणि त्यांचे सहकारी चॅनिंग टोबायस वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. भेट सुमारे दीड तासाची. मेज यांनी विचारलेले प्रश्न हे एका पीडित अल्पसंख्य समाजाच्या माणसाचे प्रश्न होते: अहिंसा म्हणजे नुसतं सोसणं का? लोकांना तिचं शिक्षण द्यायचं कसं? आणि ज्यांची संख्याच कमी आहे त्यांना ही वाट परवडेल का? गांधीजींनी सांगितलं, की अहिंसा ही जगातली सर्वांत क्रियाशील शक्ती आहे, आणि या मार्गाने बहुसंख्यांपेक्षा अल्पसंख्य जास्त काही करू शकतात. दाखला त्यांनी आपल्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांचा दिला.

मेज यांनी आणखीही एक विषय काढला: जातीचा. अस्पृश्यतेविरुद्ध लढताना जातिव्यवस्थेवरच घाव का घालत नाही, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न, न झालेल्या एका भाषणाच्या पुस्तिकेतून, साऱ्या देशापुढे टाकलेला होता. वर्ध्याहून मेज गांधीजींविषयी मोठा आदर घेऊन गेले, पण प्रश्न विचारायची सवय काही वर्ध्याला ठेवून गेले नाहीत.

हे मेज दर मंगळवारी सकाळी कॉलेजच्या प्रार्थनागृहात मुलांशी बोलत. हजेरी सक्तीची. मुलं हजेरीसाठी बसतात, भाषण संपलं की पळतात, हे जगभर सारखंच! पण मेज यांनी पुढे आठवण सांगितली आहे, की मार्टिन किंग नावाचा मुलगा भाषण संपलं की मागे थांबे, बोललेल्यातल्या एखाद्या मुद्द्यावर वाद घाली, आणि बोलत बोलत बरोबर चालू लागे. या चालण्यातून त्या मुलाला एक गोष्ट दिसत होती. इथे एक पाळक आहे, जो पंडितही आहे, समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवतो आणि आवाज न चढवता बोलतो. म्हणजे पाळक असाही असू शकतो तर!

याच काळात त्याने थोरोचा कायदेभंगावरचा निबंध वाचला. पुन्हा पुन्हा वाचला असं तो सांगतो. समाजशास्त्राचे प्राध्यापक वॉल्टर चिव्हर्स सांगत, की वर्णद्वेषाच्या मुळाशी पैशाचा व्यवहारही आहे. मार्टिन सुट्टीत अंगमेहनतीची कामं करायचा. घरची स्थिती बरी होती, तरी मुद्दाम. तिथे त्याने पाहिलं, की गरीब गोरा मजूरसुद्धा नागवलाच जातो.

आणि मग १९४६ चा उन्हाळा. २५ जुलैला जॉर्जियात एका जमावाने दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना, चार माणसांना, गोळ्या घालून मारलं. ६ ऑगस्टला अटलांटाच्या मोठ्या दैनिकात वाचकांच्या पत्रव्यवहारात एक छोटं पत्र छापून आलं. खाली सही मोरहाउसच्या एका विद्यार्थ्याची. पत्रात मागणं काय? आमच्या शिक्षणाला साजेसं काम, शिक्षण आणि आरोग्याच्या समान सोयी, मताचा हक्क, कायद्यापुढे समानता, आणि थोडं सौजन्य. हा सतरा वर्षांचा मार्टिन. आईवडिलांना पत्र छापून येईपर्यंत मुलाची झेप कळली नव्हती, असं वडील पुढे म्हणाले.

इथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच १९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले ज्येष्ठ कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि ड्यू बॉइस यांचं उत्तरही त्याच महिन्याच्या अखेरीस निघालं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली तेव्हापासून हा धागा आहेच. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघत होती. अटलांटातल्या त्या मुलाला मात्र यातलं तेव्हा काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, काळजाच्या प्रश्नाकडे, वळू. द्वेष करणाऱ्यावर प्रेम कसं करायचं? कॉलेजात असताना मार्टिन आंतरमहाविद्यालयीन विद्यार्थी मंडळाच्या बैठकांना जाऊ लागला. तिथे गोरी मुलं येत. चर्चा होई, मतभेद होत. तो लिहितो, की सगळ्या गोऱ्या वंशाचा तिरस्कार करायला मी तयारच होतो, पण या मुलांना भेटत गेलो तसा तो राग उतरत गेला. प्रवचनाने जे झालं नव्हतं ते एका टेबलाभोवती बसण्याने थोडंसं का होईना झालं.

१९४७ मध्ये त्याने निर्णय सांगितला: पाळक होणार. वडिलांच्या चर्चमध्ये पहिलं प्रवचन झालं, २५ फेब्रुवारी १९४८ ला दीक्षा मिळाली आणि जूनमध्ये पदवी. वय एकोणीस. पुढच्या शिक्षणासाठी क्रोझर या संस्थेकडे पाठवलेल्या अर्जात तो म्हणतो, की मला झालेलं पाचारण इतरांसारखं नाही. काही चमत्कार झाला नाही. समाजाची सेवा करण्याची ओढ मनात वाढत गेली, आणि तिची सुरुवात १९४४ च्या उन्हाळ्यात झाली. १९४४ चा उन्हाळा म्हणजे कोणता? तोच तंबाखूच्या शेतावरचा.

त्या अर्जाला जोडलेलं केल्सींचं शिफारसपत्र वाचण्यासारखं आहे. मुलाचे गुण चांगले म्हणावेत असे नाहीत, हे ते सरळ लिहितात. अभ्यासाचं महत्त्व याला उशिरा कळलं, पण याचा अर्ज गांभीर्याने घ्या, असंही लिहितात. आज जे विद्यार्थी, जे पालक इथे बसले आहेत त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आणि आणखी एक ऐका: क्रोझरमध्ये वक्तृत्व या विषयात या माणसाला ‘सी’ श्रेणी मिळाली आहे!

क्रोझर पेनसिल्व्हेनियात, बहुतेक विद्यार्थी गोरे. तिथे हा मुलगा सुरुवातीला भलताच अवघडून राहत असे. बूट चकाकते, खोली स्वच्छ, वर्गात वेळेच्या आधी. काळी माणसं अजागळ असतात, हसत सुटतात, असा समज होता ना. तो खोटा पाडायचा भार या पोराने अंगावर घेतला होता. १९५१ मध्ये तो तिथून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. याच वर्षांत एका रविवारी फिलाडेल्फियात डॉ. मॉर्डेकाय जॉन्सन यांचं व्याख्यान त्याने ऐकलं. ते नुकतेच भारतातून परतले होते आणि बोलले गांधीजींवर. मार्टिन बाहेर पडला तो गांधीजींवरची पाच-सहा पुस्तकं विकत घ्यायला. तोवर त्याचं मत असं, की शत्रूवर प्रीती करा हे माणसामाणसांत ठीक आहे, समाजासमाजांत चालणार नाही. आता वाटायला लागलं, की चालू शकेल. त्याचीही एक पद्धत आहे. सहाव्या वर्षीच्या प्रश्नाला विशीत पहिलं उत्तर सापडलं.

पण मित्रहो, इतिहास सांगताना माणसाला देव्हाऱ्यात बसवायचं नसतं. बॉस्टन विद्यापीठात १९५५ मध्ये किंग यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे, १९९१ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या समितीने निष्कर्ष काढला, की त्या प्रबंधात दुसऱ्यांचं लेखन श्रेय न देता उचललेलं आहे. पदवी काढून घेतली नाही, पण दोष नोंदला गेला. तो आपणही नोंदवू.

आणि अहिंसा? ती पुस्तकं वाचून अंगात मुरली का? नाही. १९५५ च्या डिसेंबरात मॉन्टगोमेरीत बसबहिष्कार सुरू झाला. सव्वीस वर्षांच्या किंगकडे नेतृत्व आलं. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री फोनवर जिवे मारण्याची धमकी आली. बायको आणि तान्ही मुलगी आत झोपलेल्या. तो स्वयंपाकघरात कॉफी करून बसला आणि तिथे, टेबलावर डोकं टेकवून, त्याने प्रार्थना केली की माझी शक्ती संपली. वडिलांकडून मिळालेला धर्म, वर्गात तपासून घेतलेला धर्म, त्या रात्री पहिल्यांदा माझा स्वतःचा झाला, असं तो सांगतो. तीन दिवसांनी घरावर बॉम्ब पडला. बाहेर संतापलेला जमाव जमला, त्यातल्या काहींच्या हातात शस्त्रं. त्याने सगळ्यांना शांतपणे घरी पाठवलं. पण त्यानंतर याच माणसाने पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्जही केला होता, आणि तो नाकारला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुढे सहकाऱ्यांशी बोलून, विचार करून, त्याने शस्त्रं घरातून काढली. दिशा बदलणं हे असं असतं. बस वळण घेते तेव्हाही आतला माणूस काही वेळ जुन्याच बाजूला कलंडलेला राहतो.

१९५९ मध्ये किंग पतिपत्नी भारतात आले. मुंबईत मणिभवनात राहिले. पण मुंबईतलं त्यांना पहिल्यांदा दिसलेलं दृश्य कोणतं? विमानतळावरून हॉटेलकडे जाताना फुटपाथवर झोपलेली माणसं. आणि पुढे त्रिवेंद्रमला दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली: हे अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य. किंग सांगतात, की क्षणभर मला धक्का बसला, राग आला. मग विचार केला, आणि मनाशी म्हटलं: होय, मी अस्पृश्यच आहे. मेज यांनी वर्ध्यात काढलेला जातीचा विषय वीस-बावीस वर्षांनी शिष्याच्या पुढ्यात असा येऊन उभा राहिला.

आम्हाला या सगळ्यातून काय दिसतं? कॉलेजच्या त्या चार वर्षांत या मुलाची श्रद्धा गेलीही नाही आणि होती तशीही राहिली नाही. ज्या दोन प्रश्नांनी ती मोडेल असं वाटत होतं, ते दोन प्रश्नच तिने पोटात घेतले. आणि हे घडलं कारण प्रश्न विचारू देणारी दोन माणसं त्याला योग्य वयात भेटली. आज आपल्याकडच्या कॉलेजांत पंधरा-सोळा वर्षांची मुलं येतात. कुणाच्या पाठीवर जातीचा अपमान असतो, कुणाच्या मनात घरच्या धर्माबद्दल शंका. त्यांच्याबरोबर व्याख्यानानंतर चार पावलं चालणारं कुणी आहे का, हा प्रश्न आम्ही इथे ठेवतो.

शेवट एका करारावर करतो. मेज आणि किंग यांच्यात ठरलेलं होतं, की दोघांपैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचं. मेज वयाने चौतीस वर्षांनी मोठे. कोण आधी जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. पण ९ एप्रिल १९६८ ला, मोरहाउसच्याच आवारात, लोटलेल्या जनसागरासमोर बोलायला उभे राहिले ते त्र्याहत्तर वर्षांचे गुरुजी. समोर शवपेटीत होता एकोणचाळीस वर्षांचा विद्यार्थी. मंगळवारच्या भाषणानंतर मागे थांबणारा. आणि तो दिवसही, मित्रहो, मंगळवारच होता.